पाटावरून उठू नकोस

पुणे, गुरुवार

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. मी तो सकाळी चहा घेता घेता वाचायला घेतला आणि चहा तसाच राहिला. एवढं लांबलचक फोनवर कसं लिहिता तुम्ही मुली? माझे अंगठे तेवढे चालत नाहीत, म्हणून हे कागदावर लिहितेय. नात फोटो काढून पाठवेल. तिला माझं अक्षर लागत नाही. तुला लागतं, माझी पौरोहित्याची टिपणं तू वर्षभर वाचली आहेस.

तू धाडसी आहेस, आम्ही पाठीशी आहोत वगैरे मी लिहिणार नाही. ते आपल्या ग्रुपवर परवापासून चाललंय. हात जोडलेली चित्रं, मुठी आवळलेली चित्रं, आणि 'स्वाभिमान' हा शब्द मी सहा वेळा मोजला. तू सगळ्यांचे आभार मानलेस आणि मग मला एकटीला वेगळं विचारलंस, "बाई, माझं चुकलं का?" ज्याला उत्तर ठाऊक नसतं तो ग्रुपवर विचारतो.

हो, चुकलं. तू उठायला नको होतंस.

झालं ते मी पुन्हा मांडते, माझ्या समजण्यात काही कमीजास्त असेल तर सांग. सिंहगड रोडच्या लॉन्सवरचं लग्न. मंगलाष्टकं तू म्हटलीस, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, बँड वाजला. स्टेजवर नेहमीची झुंबड. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा एका गुरुजींना घेऊन वर आले आणि म्हणाले, "पुढचं गुरुजी बघतील. ताई, तुमचा आवाज फार गोड आहे हो, तुम्ही मधून मधून गाणी म्हणा." तू पोथी पिशवीत घातलीस, आधी दिलेलं दक्षिणेचं पाकीट ताटात ठेवलंस, आणि भटारखान्याच्या बाजूने बाहेर पडून रिक्षा केलीस. रिक्षात रडलीस. इथपर्यंत सगळं लिहिलं आहेस.

एक गोष्ट मात्र लिहिली नाहीस. नवरी काय करत होती?

ती मुलगी तुला शोधत आली होती ना? तीन वेळा तुझ्यासमोर बसून तिने एकेक विधी समजून घेतला. 'दान' हा शब्द नको म्हणून ती महिनाभर वडिलांशी भांडली आणि शेवटी त्यांना पटवलं, हे तूच मला मार्चमध्ये किती कौतुकाने सांगितलं होतंस. मुंडावळ्या बांधलेल्या त्या मुलीने मान वळवून बघितलं असेल तर तिला तुझी पाठ दिसली. पुढे त्या गुरुजींनी पुस्तकात आहे तसं कन्यादान केलं असणार. त्यांचा काय दोष, त्यांना कोण सांगणार होतं? सांगणारी रिक्षात होती.

आणि पाकीट ठेवून आलीस तेही चूक. दोन तास काम केलं होतंस. गुरुजी कधी पाकीट ठेवून जातात का?

आता रागावू नकोस. रागावलीस तरी पुढे वाच.

माझा पाट तू पाहिला आहेस. सागवानी, चारी कोपऱ्यांना पितळी फुल्या, त्यातली एक मागाहून बसवलेली. तो आईचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शनिवार पेठेत नदीच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. पाणी ओसरल्यावर परत आलो तर दारातून आत चिखलच चिखल. भांडी गेली, अंथरुणं गेली, माझी शाळेची पेटी गेली. हा पाट शेजाऱ्यांच्या जिन्याच्या कठड्यात अडकून राहिला होता, एक फुली निखळलेली. आईने तो दोन दिवस घासला. लोकांनी दिलेली पिठलं-भाकरी आम्ही पाच माणसांनी त्या एका पाटावर पाळीपाळीने बसून खाल्ली, कारण बाकी सगळी जमीन ओली होती. पुढे पौरोहित्य करायला लागल्यावर मी तो काखोटीला मारून पीएमटीने सगळं पुणे हिंडले. कंडक्टर विचारायचे, "बाई, लगेज?" एकाने तर खरंच पाटाचं अर्धं तिकीट फाडलं होतं.

शिकले मी चाळिशीत. शाळेची नोकरी चालू होती, घरी दोन मुलं. तोवर पुण्यात बायकांनी पोथी हातात घेणं काही नवं राहिलं नव्हतं. थत्ते मामांनी उद्यान प्रसाद कार्यालयात सत्तरच्या दशकातच बायकांना शिकवायला सुरुवात केली होती. ज्ञान प्रबोधिनीने जातीचीही अट ठेवली नाही आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगायची रीत घातली. तरी मला घरोघरी पहिला प्रश्न यायचा तो "तुमचं आडनाव काय?" हाच. पुण्यात हा प्रश्न चौकशीचा नसतो, तुला सांगायला नको. आडनाव सांगितलं की समोरचा "असं होय" म्हणायचा आणि मग "चहा घेणार ना?" हे जरा जास्तच आग्रहाने विचारायचा. मी बसून राहायचे. चहा घ्यायचे. दुसरा कपही घ्यायचे.

बसून राहायचं, पोरी. मला येतं ते एवढंच. मंत्र माझ्यापेक्षा शुद्ध म्हणणाऱ्या वीसजणी आपल्या वर्गातच आहेत. आवाज माझा फुटका. शाळेतसुद्धा मी काही फार हुशार शिक्षिका नव्हते, पण पस्तीस वर्षांत वर्ग सोडून गेले नाही. चौथीच्या वर्गावर पाऊस गळायचा तेव्हा बादलीशेजारी खुर्ची ओढून शिकवलं.

१९९८ च्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगते. पर्वतीच्या पायथ्याशी वस्तीत आमच्या शाळेची निम्मी मुलं राहायची. साठ-सत्तर घरांना मिळून एक नळ, तोही पहाटे साडेतीनला यायचा. मुलं वर्गात झोपायची आणि मी त्यांना ओरडायचे. एकदा एकीने सांगितलं, "बाई, रांगेत होते." तेव्हा लाज वाटली. आम्ही पाच-सहा बायका एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. साहेब मीटिंगला. उद्या या. उद्या साहेब साइटवर. बाकी बायकांना रोज बुडवून यायला परवडेना, धुण्याभांड्याची कामं होती त्यांची. मला मे महिन्याची सुट्टी. मी पाट घेऊन गेले, व्हरांड्यात मांडला, आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा तपासत बसले. रोज अकरा ते साडेपाच. कुणाशी भांडले नाही, घोषणा नाही, उपोषण नाही. डबा खायचे, पाणी प्यायचे, वह्या तपासायचे. सहाव्या दिवशी शिपाई येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, माझ्या पोरीला अपूर्णांक जमत नाहीत." आठव्या दिवशी त्याची पोरगी माझ्याशेजारी बसून अपूर्णांक सोडवत होती. नवव्या दिवशी त्याने मला साहेब मागच्या कुठल्या दाराने जातात ते सांगितलं.

नळ आला. अर्ध्या इंचाचा आला, पण आला.

म्हणजे बाईंना पहिल्यापासूनच बसायला येत होतं, असं तुला वाटेल. तसं नाही. ही नळाची गोष्ट मी सगळ्यांना सांगते, आपल्या वर्गात दरवर्षी सांगते, कारण तिच्यात मी चांगली दिसते. आदल्या वर्षीची सांगत नाही.

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी. आई कागद-भंगार वेचायची. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली तेव्हा ती सभासद झाली होती, आणि पंचायतीचं ओळखपत्र गळ्यात घालून पालकसभेला यायची. बाकीचे पालक मागे बसायचे, ही पुढे. १९९७ च्या पावसाळ्यात ती काविळीने गेली. बाप आधीच परागंदा. मुलगी सतरा वर्षांची, एकटी. ती भिजत माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, अग्नी मी देणार. तुम्ही मंत्र सांगाल?" सांगेन म्हटलं. पाट उचलला आणि निघाले.

वैकुंठ स्मशानभूमीत पोचलो तर तिचे दोन चुलते आणि चुलतभाऊ आधीच येऊन उभे. मी एका बाजूला पाट मांडला, बसले, तांब्या पुढे ठेवला. तिने आईचं ओळखपत्र छातीवर ठेवलं होतं, ते सारखं घसरत होतं आणि ती सारखी नीट करत होती. तिने मडकं उचललं, आणि थोरल्या चुलत्याने ते हातातून काढून घेतलं. मला म्हणाला, "पोरीचं डोकं तुम्ही फिरवलंत बाई. बाईमाणसाचं इथं काय काम? व्हा बाजूला." चार माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी उठले.

मनात म्हटलं, हा त्यांच्या घरचा मामला आहे, आपण परके. म्हटलं, मयताच्या जागी तमाशा नको. म्हटलं, आपलाही काही मान आहे. एवढी सगळी कारणं पाट उचलायला लागतात तेवढ्या वेळात सुचली. फाटकाबाहेर टपरी होती, तिथे चहा घेतला. चुलतभावाने अग्नी दिला. ती मुलगी बाहेर आली तेव्हा तिने आधी माझ्या काखेतल्या पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चुलत्यांच्या मागून निघून गेली.

पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट 'मी कशी शांतपणे, मान राखून बाहेर पडले' अशी सांगत होते. लोक माना डोलवायचे. 'स्वाभिमान' तेव्हाही म्हणायचे. दहा-बारा वर्षांनी ती मला मंडईत भेटली. चांगली दिसत होती, कडेवर मूल. मेथीची जुडी निवडत म्हणाली, "बऱ्या आहात ना बाई?" मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "पाट आहे का अजून?"

एवढंच. चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात, आणि तेच जास्त लागलं.

आता तू म्हणशील, एकटी बाई, समोर चार पुरुष, काय करणार होता तुम्ही? काही नाही. अग्नी त्याच चुलतभावाने दिला असता. मी पाटावर बसून राहिले असते, तोंडाने मंत्र म्हटले असते, त्या मुलीला शेजारी बसवून घेतलं असतं. निकाल तोच लागला असता, पण ती एकटी नसती पडली. हे कळायला मला फार वर्षं लागली आणि तुला मी ते फुकट देतेय, म्हणून तुझ्यावर चिडतेय.

'बाईमाणसाचं इथं काय काम' हे याच शहरात किती जणींना ऐकवून झालं. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. यशवंत दत्तक, म्हणून नात्यातले त्याला टिटवं, म्हणजे प्रेतापुढचं मडकं, धरू देईनात. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या. साठीला आलेली बाई. चाळीसएक वर्षं आधी याच पुण्यात शेणगोळे खाऊन, दुसरं लुगडं सोबत नेऊन शाळेत पोचलेली. आणि पंडिता रमाबाई. पुढे पुण्यात आल्या, १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, ते सगळं नंतरचं. त्याच्या आधी, दुष्काळात वणवण करताना आई गेली तेव्हा तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. उरलेला भार भावाने आणि रमाबाईंनी घेतला. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आईची तिरडी डोक्यावर घेतली. मी कुणाला गार्गी-मैत्रेयीची यादी वाचून दाखवत नाही. लोक ती ऐकून "वा" म्हणतात आणि गुरुजींना फोन लावतात. ही डोक्यावरची तिरडी मात्र सांगते.

इथे माझी लेक मला नेहमी अडवते. ती वकील आहे, अडवणं हा तिचा धंदा. म्हणते, "आई, तुझ्या रमाबाई तर उठल्याच की! अख्ख्या धर्मातून उठल्या. बाबासाहेब उठले. प्रत्येक वेळी बसूनच राहायचं असतं तर कुणी काही केलं असतं का?" या प्रश्नावर मी बरेच दिवस चिडले, कारण उत्तर नव्हतं. आता आहे, निदान माझ्यापुरतं. रमाबाई उठल्या, पण एकट्या उठून टपरीवर चहा प्यायला नाही गेल्या. त्यांच्या मागे शारदा सदन होतं, मग केडगावचं मुक्ती सदन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली गोळा करून आणल्या, त्यांना बसायला जागा केली. बाबासाहेब नागपूरला लाखोंना घेऊन उठले. उठायचंच असेल तर जिच्यासाठी बसली होतीस तिला बरोबर घेऊन ऊठ. त्या लॉन्सवरच्या नवरीला तू घेऊन उठू शकत होतीस का? नाही ना? मग बसायचं होतं.

लेकीला हे उत्तर अर्धंच पटतं. ती म्हणते, तू हे नंतर जुळवलंस. असेल.

पण बसायचं म्हणजे गिळायचं नाही, हे नीट ध्यानात घे. तुमच्या पिढीची इथेच गल्लत होते. मामा म्हणाले, "पुढचं गुरुजी बघतील." तू तिथल्या तिथे, हसत, माइकवर सांगायचंस, "गुरुजींना पाट मांडा." बस. आणखी एक पाट. तुझा पाट हलत नाही, त्यांचा शेजारी येतो. मी हे कोथरूडच्या एका लग्नात केलं आहे. ते गुरुजी सत्तरीचे, माझ्यासारखेच गुडघ्यांनी गांजलेले, टॉवेलची घडी घालून बसले. त्यांनी पाणिग्रहणाला 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तं' म्हटलं, मी अर्थ सांगितला आणि वर हेही सांगितलं की हे सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं, आणि त्याची ऋषी सूर्या, म्हणजे बाई आहे. मांडवात जरा चुळबुळ झाली. जेवताना गुरुजी माझ्या शेजारी बसले आणि जिलबी बाजूला सारत म्हणाले, "माहीत होतं हो मला. सांगितलं कधी नाही." साधा, भला माणूस. त्यांना माझ्याशी भांडायचंच नव्हतं, बोलावलं म्हणून आले होते.

आणि मामा! प्रत्येक लग्नात एक मामा असतो. काका असेल, आत्याचे यजमान असतील, पण असतो. तुझ्या तीन बैठका नवरीबरोबर झाल्या, मामांना तू कधी भेटलीस? लग्नाच्या आधी घरी जाऊन विचारायचं, "आमच्याबद्दल कुणाची नाराजी आहे का?" लोक नाव सांगतात, हसत हसत सांगतात. त्या माणसाकडे जायचं, चहा घ्यायचा, दुसरा कपही घ्यायचा, आणि त्याला काम द्यायचं. होमाजवळ समिधा द्यायला बसवायचं, तुपाची वाटी त्याच्या हातात. ज्याच्या हातात तूप असतं तो भांडत नाही, सांडेल म्हणून. हॉलवाल्याने धुराची तक्रार केली तर तोच त्याच्याशी भांडतो.

कायद्याचं विचारलं आहेस म्हणून दोन ओळी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम उघडून बघ. दोघांपैकी कुठल्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी करावा, सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण. पुरोहित पुरुष हवा असं त्यात कुठेही नाही. नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते, ती तुझी चालते. एका ठिकाणी कारकुनाने मला विचारलं होतं, "गुरुजी कुठे आहेत?" मी म्हटलं, "बसलेत तुमच्यासमोर." त्याने चष्मा पुसला आणि शिक्का मारला. 'अडचणी'चं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, बरं केलंस. दर आठ मार्चला नऊवारी नेसवून फोटो काढायला येणारे तेच विचारतात.

आता एक गोष्ट, जी लिहू की नको असा विचार करत मघाशी अर्धा तास खिडकीत उभी होते. तुला माझं बसणं सांगतेय तर त्याचा हिशेबही सांगायला हवा.

२००९ चा मे. चिंचवडला लग्न. सप्तपदी चालू, तांदळाच्या सात राशी मांडलेल्या, मुलीचं पाऊल चौथ्या राशीवर. एक मुलगा वाकून माझ्या कानात म्हणाला, "बाई, घरून फोन होता. सरांना अ‍ॅडमिट केलंय, छातीत दुखतंय." मी मान हलवली आणि पाचवं पाऊल म्हटलं. मग सहावं. 'सखा सप्तपदी भव' म्हटलं, अर्थ सांगितला, आशीर्वाद दिले आणि मग उठले. किती वेळ गेला असेल, वीस मिनिटं? पंचवीस?

माझे यजमान वाचले. पुढे चार वर्षं होते. मुलगा वेळेवर पोचला होता, डॉक्टर हजर होते, मी तिथे जाऊन काय करणार होते? पुण्यात जायला तासभर लागणारच होता, वीस मिनिटांनी काय फरक? शिवाय तिथे बसलेल्या मुलीचं लग्न तीन पावलांवर अर्धवट टाकायचं? दुसरं कुणी नव्हतं मंत्र म्हणायला. मी उठले असते तर लोक म्हणाले असते, बघा, बाई ठेवली की असं होतं, घरचा फोन आला की पळाली. हे सगळं खरं आहे. मी हे मुलाला शंभर वेळा सांगितलं. तो ऐकून घेतो आणि विषय बदलतो. यजमान मात्र थट्टा करायचे, "तीन पावलांसाठी थांबलो की नाही मी?" ते हसायचे म्हणून मीही हसायचे.

बघ, तुझ्याबद्दल लिहायला बसले होते आणि कुठे आले. पुन्हा वाचलं तर हे पान फाडेन, म्हणून वाचत नाही.

तर तू काय करायचंस. 'बाई, मी हे सोडून देऊ का' असं शेवटी लिहिलं आहेस, त्याला मी उत्तर देत नाही. तो प्रश्न तू मला विचारण्यासाठी लिहिलेला नाहीस. नवरीचा नंबर तुझ्याकडे आहे. तिला फोन कर. ग्रुपवर टाकतेस तसा मेसेज नको, फोन कर. ती कदाचित घेणार नाही, मग परत कर. घेतला तर मामांची तक्रार सांगू नकोस, तुझा अपमान सांगू नकोस. त्या दिवशी पुढे काय झालं ते तिला विचार आणि ती सांगेल ते सगळं ऐक. ती रडली किंवा चिडली तर फोन ठेवू नकोस. मी वैकुंठातल्या त्या मुलीच्या घरी कधी गेले नाही. पत्ता माहीत होता, दांडेकर पुलापासून दहा मिनिटं.

पुढच्या रविवारी हडपसरला एक वास्तुशांत आहे, मला आता तीन तास मांडी घालता येत नाही, तू ये. यजमानांचे थोरले भाऊ नाराज आहेत असं कळलंय, त्यांना शुक्रवारी भेटून ये. पाट माझ्याकडून घेऊन जा. मागाहून बसवलेली फुली परत ढिली झाली आहे, साडी अडकते. उजवा कोपरा बघून बस.

तुझी,
बाई